रुसून धावलेली बाई

आमच्या गावाहून शहराकडे एकच रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर सकाळी एकच बस जाते. रस्ता गावातून निघतो तेव्हा नव्या सुनेसारखा खालमानेने सरळ चालतो. खाणीपाशी टेकडी लागते आणि तिथून तो आपला खरा स्वभाव दाखवायला लागतो. वळणं घेतो, धापा टाकतो, पिठाच्या गिरणीला वळसा घालून पुलावर उतरतो, आणि पूल ओलांडला की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सरळ होऊन शहरात शिरतो. मी जगातले फार रस्ते पाहिलेले नाहीत. पण एका बाईचा रुसवा इतकी वर्षं ज्याच्यावरून धावला असा दुसरा रस्ता कुठे असेल, तर तो मला कुणीतरी आणून दाखवावा.

ती बाई म्हणजे त्या बसच्या ड्रायव्हरची बायको. ड्रायव्हरची बायको म्हणून सगळी बस तिला वहिनी म्हणायची, तिच्या बापाच्या वयाची माणसंसुद्धा. ड्रायव्हरला मात्र कुणी दादा म्हणत नसे. त्याला सगळे घड्याळ म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्याला ते आवडायचं. त्याची बस गिरणीपाशी आली की गिरणीवाला पट्टा चढवायचा, पुलावर आली की पलीकडच्या शाळेची घंटा व्हायची. शाळेच्या शिपायाच्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ टांगलेलं होतं, पण तो त्याच्याकडे बघतसुद्धा नसे. तो पुलाकडे बघायचा.

“बस कुणासाठी थांबत नाही,” हे घड्याळाचं आवडतं वाक्य. ते तो अभिमानाने म्हणायचा, आणि खरंही होतं ते. एकदा त्याची सख्खी आई थांब्यावर पिशवीत चष्मा शोधत बसली, तर हा तिला तिथेच टाकून बस घेऊन गेला. तेव्हापासून म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायची, “मी याच्यासाठी नऊ महिने थांबले होते. आणि वर हा उशिरा आला.”

वहिनी शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. रोज नवऱ्याच्याच बसने जायची, त्याच्याच बसने यायची. पुढच्या बाकावर खिडकीशी बसायची, आणि नवरा गिअर बदलायला लागला की स्वतःचा डावा पाय नकळत दाबायची. बाई शांत होती. पण शांत पाण्याचा तळ कुणी पाहिलेला नसतो.

एका सकाळी बस सुटायच्या बेतात असताना तिच्या लक्षात आलं की नवऱ्याचा जेवणाचा डबा घरीच राहिला. घर समोरच, बसच्या दारापासून हाक ऐकू जाईल इतकं. ती उतरली आणि आत पळाली. इकडे वेळ झाली. कंडक्टर म्हणाला, वहिनी येतायत, जरा दम धर. घड्याळाने आरशात पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि गिअर टाकला.

ती डबा घेऊन बाहेर आली तेव्हा दारात नुसती धूळ होती.

आम्ही मागच्या काचेतून बघत होतो. तिने आधी धुळीकडे पाहिलं, मग डब्याकडे. ज्याचा डबा आणायला ती उतरली होती तोच तिला टाकून गेला होता. दुसऱ्या कुणासाठी उतरली असती तर कदाचित तिने सोडून दिलं असतं. तिने चपला काढून पिशवीत टाकल्या आणि पळायला लागली.

खाणीच्या चढावर आमची बस म्हाताऱ्या बैलासारखी चालते. चढ संपेपर्यंत अंतर कमी झालं, आणि खाणीच्या थांब्यावर बस उभी असताना वहिनीने तिला गाठलं. कंडक्टरने दार उघडून धरलं. सगळी बस सरकून बसली, पुढचा बाक मोकळा केला. वहिनीने दारातून डबा आत दिला, आणि मग बसकडे पाठ करून, खाणीकडे तोंड फिरवून, ताठ उभी राहिली.

“वहिनी, चढा ना,” कंडक्टर म्हणाला.

ती दगडांकडे बघत राहिली. घड्याळाने आरशातून तिला पाहिलं. दार लागलं, बस निघाली. आणि बस निघाल्यावर वहिनी पुन्हा तिच्या मागे पळायला लागली.

हे असं का, हे आम्हाला गिरणीच्या थांब्यापर्यंत कळलं नाही. तिथे ती बरीच मागून आली, घामाने भिजलेली, पण बस सुटायच्या आत आली. कंडक्टरने दार धरलं. तिने गिरणीकडे तोंड फिरवलं. तेव्हा बसमधली एक म्हातारी समजुतीच्या स्वरात म्हणाली, “अगं बाई, ही चढायला पळत नाहीये. ही न चढायला पळतेय.”

त्यात सगळं आलं. घरी बसून रुसली असती तर तो रुसवा कुणाला दिसला असता? बस तर पुढे निघून गेली असती. नाही म्हणायचं तर ते थांब्यावर, दारासमोर, चार माणसांत म्हणायला हवं. आणि थांब्यावर वेळेत पोहोचायचं तर पळायलाच हवं. त्या दिवशी पुलापुढे तिचा दम संपला आणि ती चालत, लंगडत धुलाईघरात पोहोचली. मुकादमीणबाईंनी तिला उशिराबद्दल फैलावर घेतलं. तिने ऐकून घेतलं आणि तळव्यांना पट्ट्या बांधून चादरी पिळायला उभी राहिली. पण संध्याकाळी परतीच्या बसलाही तिने तसंच केलं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा.

नवरा-बायकोत घरी अबोला होता असं मात्र कुणी समजू नये. घरी सगळं बोलणं होत असे. गळकं छप्पर, कोंबड्या, म्हातारीचे गुडघे, कशाला तोटा नव्हता. फक्त बसचा विषय निघत नसे. भांडण उंबऱ्याबाहेर, रस्त्यावर ठेवलेलं होतं, चिखलाच्या जोड्यासारखं. रात्री तो म्हणायचा, उद्या पावसाचं आहे, छत्री घेऊन जा. ती म्हणायची, छत्री घेऊन पळता येत नाही. तो म्हणायचा, तेही खरंच. आणि दोघं झोपायचे. ती म्हणाली होती, तुम्ही एकदा दारात माझ्यासाठी थांबा, मी चढते. हे तिने एकदाच सांगितलं होतं. त्यावर त्याने आपलं आवडतं वाक्य ऐकवलं होतं. दोघांचीही हाडं एकाच मातीची. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

डबा मात्र ती रोज द्यायची. खाणीच्या थांब्यावर डबा आत, तोंड बाहेर. पळताना हिंदकळायचा म्हणून तेव्हापासून त्याच्या डब्यात पातळ असं काही आलं नाही. भाकरी, उकडलेली अंडी, कोरडी भाजी. रश्श्याचा शौकीन माणूस तो. पुलाच्या कठड्यावर बसून कोरडे घास पाण्याबरोबर ढकलायचा, पण हूं की चूं नाही.

धुलाईघरात मोठ्या चादरींच्या घड्या दोघी-दोघींनी घालतात. दोन टोकं धरून ताणायची, झटकायची, आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. तिची जोडीदारीण तिला म्हणाली, तूच घे ना पडतं, संसार म्हणजे काय शेवटी. वहिनीने आपलं टोक धरून ठेवलं आणि जागची हलली नाही. जोडीदारणीला एकटीला चालत यावं लागलं. अर्ध्यात चादर जमिनीवर लोळली. “बघ,” वहिनी म्हणाली, “एकटीनेच चालून घडी होते का?” चादर पुन्हा धुवावी लागली, पण मुद्दा धुतला गेला नाही.

एक पावसाळा गेला, थंडी गेली. पाय काय, मनासारखे नसतात, ते लवकर शिकतात. आधी पुलापर्यंत टिकायची ती शाळेपर्यंत टिकायला लागली, मग दवाखान्यापर्यंत. चढावर तर तिला मुद्दाम हळू पळावं लागायचं, नाहीतर ती बसच्या पुढे गेली असती, आणि पुढे गेल्यावर तोंड कुणापासून फिरवणार? आम्हा मागच्या बाकावरच्यांना तिचं मोठं कौतुक. काचेतून हाताने खुणा करायचो, दम खा, खड्डा आहे, कुत्रं आहे. ती आमच्याकडे बघून हसायचीसुद्धा. रुसवा फक्त पुढच्या सीटशी होता.

त्या मागच्या बाकावर शाळेचे कवायतीचे मास्तर बसत. आयुष्यभर त्यांनी पोटदुखीच्या चिठ्ठ्या घेऊन येणारी मुलं पाहिलेली. त्यांनी एक दिवस काच पुसून नीट पाहिलं आणि म्हणाले, “ही बाई पळत नाही, ही वाहते.” आणि आठवडाभर मागे लागून त्यांनी तिचं नाव शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत घातलं.

त्या शर्यतीला आम्ही सगळे गेलो होतो. बंदुकीचा बार झाला आणि वहिनी अशी सुटली की बाकीच्या बायका उभ्या आहेत असं वाटावं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. आणि मग पहिल्या वळणावर बसचा थांबा आला.

वहिनी थांबली. पत्र्याच्या शेडसमोर ताठ उभी राहिली, डावीकडे तोंड फिरवलं, दार उघडून लागायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला, आणि पुन्हा पळायला लागली. तेवढ्यात निम्म्या बायका पुढे. तिने त्यांना पुन्हा मागे टाकलं. दुसरा थांबा आला. पुन्हा उभी, पुन्हा तोंड डावीकडे. एक डॉक्टर हिच्या छातीत कळ आली समजून नळी कानाला लावत धावत आला, तोवर ही पसार. शहरातल्या लोकांना वाटलं बाई कसलं तरी व्रत पाळतेय. आम्हाला मात्र पहिल्याच थांब्यावर कळलं आणि आम्ही कपाळाला हात लावला.

मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर ती आली. मास्तरांचा चेहरा पडलेला. काय झालं, त्यांनी विचारलं.

“थांबा होता,” ती म्हणाली, आणि स्वतःच गोंधळून पायांकडे बघायला लागली. ते तिने मुद्दाम केलंच नव्हतं. पाय थांबले होते.

मास्तर हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तिला शाळेच्या मैदानावर गोल पळवलं. दोन फेऱ्यांनंतर ती उभी राहून म्हणाली, मास्तर, इथे जायचं कुठे आहे? गोलाकडे बघून तिला राग येईना, आणि राग येईना म्हणून पाय उचलेना. मग त्यांनी घड्याळाला गाठलं. एक आठवडा थांब्यांवर बस थांबवू नकोस, तिच्या पायांची खोड मोडेल. घड्याळ थंडपणे म्हणाला, मग प्रवाशांना काय फेकून चढवू? बरं, मग एक दिवस तिच्या दारात थांब, भांडणच मिटू दे. त्यावर मास्तरांना ते वाक्य ऐकायला मिळालं. मागून म्हातारी म्हणाली, “मास्तर, पालथ्या घड्यावर कशाला पाणी ओतताय? मी त्याला जन्म दिला, मला विचारा.”

तेव्हा मास्तरांनी वेगळी वाट काढली. ज्या रस्त्यांवरून बस जात नाही अशाच शर्यती ते शोधायला लागले. धरणाच्या भिंतीवरून, कालव्याच्या कडेने, रानातल्या कच्च्या वाटांनी. आणि तिथे वहिनी कुणाला आटपेना. अमुक शर्यतीत पहिली, तमुक शर्यतीत दुसरी. तिचा फोटो शहरातल्या पेपरात आला. तो धुलाईघरात इस्त्रीच्या टेबलावर चिकटवला गेला, आणि मुकादमीणबाई येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तो दाखवायला लागल्या, जणू उशिराबद्दल फैलावर घेऊन त्यांनीच हिला घडवली.

गंमत बक्षिसांची. शर्यती भरवणाऱ्यांना बक्षीस म्हणून भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही सुचत नाही. वहिनी एकामागून एक घड्याळं घरी आणू लागली. गोल, चौकोनी, एक पक्षी बाहेर येणारं, एक मोराच्या आकाराचं. प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ सांगे, आणि घड्याळ नावाच्या माणसाला ते सोसणार कसं? तो स्टुलावर चढून स्वतः खिळा ठोकायचा, घड्याळ टांगायचा, आपल्या मनगटाशी लावून बघायचा. रविवारची सगळी सकाळ त्याची त्यातच जायची. पुढे गेलेलं मागे, मागे पडलेलं पुढे. बायकोच्या पळण्याबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. पण त्या घरात तिचं एकही घड्याळ कधी बंद पडलं नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

अशी काही वर्षं गेली. मग मास्तर एक दिवस म्हणाले, “वहिनी, आता मॅरेथॉन. पूर्ण बेचाळीस किलोमीटर. मोठ्या शहरात. जी बाई ही पुरी करते तिला पळणारी म्हणतात. बाकीचं सगळं बस पकडायला धावल्यासारखं.” ते शेवटचं तिला लागलं. तिने होकार दिला.

अडचण एकच. मोठं शहर म्हणजे पावलोपावली थांबे. आणि नियम असा की शर्यतीच्या अगदी मागून एक रिकामी बस ठराविक चालीने येणार. जो तिच्या मागे पडेल त्याला आत बसवायचं आणि त्याची शर्यत संपली. बस शेवटच्या कमानीपाशी पोहोचली की कमान बंद. एवढी चोख चाल धरून कोण चालवील? डेपोच्या साहेबांना विचारही करावा लागला नाही. त्यांनी घड्याळाला बोलावलं.

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं. म्हातारी आधी हसली, मग हसता हसता तिला ठसका लागला, मग तिला पाणी द्यावं लागलं. वहिनी कणीक मळत होती. ती मळतच राहिली.

“म्हणजे या वेळी मी तुझ्या मागे,” तो म्हणाला.

“या की.”

“मागे पडलीस तर चढावं लागेल. नियम आहे.”

“मागे पडले तर ना.”

त्याने मनगटावरच्या घड्याळाला चावी दिली. मग म्हणाला, “बस वेळेवर येणार.” ते त्याने धमकी म्हणून सांगितलं की काळजीने, हे म्हातारीलाही ओळखता आलं नाही. पण वहिनीपुढे आता काय उभं होतं हे घरातल्या कोंबड्यांनाही समजलं. इतक्या वर्षांचा रुसवा. मागे पडली तर नुसती शर्यत जाणार नव्हती, त्याच्याच बसमध्ये, त्याच्याच पुढच्या बाकावर, हरलेली म्हणून चढावं लागणार होतं. त्यापेक्षा तिने रस्ता गिळला असता.

शर्यतीच्या दिवशी आम्ही शेवटच्या कमानीपाशी जागा धरून बसलो, म्हातारीला मध्ये खुर्ची देऊन. वाटेतलं पुढचं सगळं मला कंडक्टरने सांगितलं. तो त्या बसमध्येच होता, आणि त्याने ते इतक्यांदा सांगितलंय की आता त्यात खोटं मिसळायला जागाच उरलेली नाही.

अर्ध्या वाटेपर्यंत वहिनी पुढच्या घोळक्यात होती, थांब्यांवर थांबून तोंडं फिरवूनसुद्धा. मास्तर सायकलवरून बाजूने ओरडत होते, “वहिनी, थांबा नाही तो, भिंत समजा.” पण अर्ध्यानंतर एका थांब्यावरून निघताना तिचा पाय फुटपाथच्या कडेवरून घसरला आणि घोटा मुरगळला. ती खाली बसली, घोटा दाबला, उठली आणि लंगडत पळायला लागली. बायका तिला ओलांडून जाऊ लागल्या. मग म्हातारे ओलांडून गेले. मग एक माणूस गेला जो सगळी शर्यत उलटा पळत होता, आणि त्याने जाताना तिला नमस्कार केला.

मागून बस येत होती. तिच्यात हळूहळू माणसं भरत होती. एक लठ्ठ बेकरीवाला पाय वर करून पडला होता, दोन कॉलेजच्या मुली एकमेकींचे फोड मोजत होत्या, आणि पुढे ड्रायव्हरजवळ समितीचा एक माणूस शिट्टी घेऊन बसला होता. घड्याळाने चाल अशी धरली होती की काट्याने लाजावं. दूर रस्त्यावर एक पाठ दिसायला लागली. त्याने ती ओळखली. आरशात रोज तिला समोरून पळताना बघायचा, पळती पाठ आज पहिल्यांदाच बघत होता. कंडक्टर सांगतो की त्याने गिअर बदलला नाही, पण त्याचे हात स्टिअरिंगवर जरा वर सरकले.

वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. तिला बघायची गरजही नव्हती. त्या इंजिनाचं कण्हणं तिला नवऱ्याच्या घोरण्याइतकं ओळखीचं होतं. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला, अगदी पाठीशी आला. आता बस पुढे गेली की संपलं. आणि नेमका थांबा आला.

मास्तर ओरडले. पण पाय ते पाय. वहिनी थांबली, ताठ उभी राहिली आणि तिने डावीकडे तोंड फिरवलं.

आता खरं तर बसने पुढे जाऊन तिला उचलायचं. पण तोही आयुष्यभर थांब्यांवर थांबलेला माणूस. त्याचाही पाय ब्रेकवर गेला. बस तिच्या मागे, दाराचा कोपरा तिच्या खांद्याशी येईल अशी उभी राहिली. कंडक्टरने दार उघडलं. सवयच ती. क्षणभर सगळं रोजच्यासारखं होतं. खाण नव्हती एवढंच.

वहिनी लंगडत निघाली. दार लागलं. रोज दार लागलं की बस निघायची. आज ती निघाली नाही.

घड्याळाने खिशातून फडकं काढलं आणि समोरची काच पुसायला घेतली. काच स्वच्छ होती. मग त्याने आरसा पुसला. समितीचा माणूस म्हणाला, अहो, चला. तो खाली उतरून पुढचं चाक बघून आला. चाकही ठीक होतं. तोवर वहिनी पुढच्या वळणापर्यंत गेली होती. मग त्याने बस काढली, तिच्या मागे आला, आणि पुढच्या थांब्यावर, ती उभी राहिल्यावर, पुन्हा उभा राहिला.

“अहो, कुणासाठी थांबलायत तुम्ही?” समितीचा माणूस म्हणाला.

“प्रवासी उभा आहे.”

“पण ती चढत नाहीये.”

“चढेल,” घड्याळ म्हणाला. “घाई काय आहे?”

घाई काय आहे. कंडक्टर सांगतो, हे शब्द त्या तोंडातून ऐकले आणि मला बसमध्ये बसल्या जागी उभं राहावंसं वाटलं. समितीच्या माणसाने मनगट पुढे करून वेळ दाखवली. घड्याळाने तिकडे असं पाहिलं, जणू परक्या भाषेतलं काहीतरी लिहिलेलं आहे. शिट्टी वाजत राहिली. बेकरीवाला पडल्या पडल्या म्हणाला, वाजवू नका हो, ड्रायव्हर विचार करतोय. मुली फोड विसरून खिडकीतून ओरडायला लागल्या. आणि असं थांब्याथांब्याने, पुढे लंगडी बायको आणि मागे कण्हणारी बस, अशी ती वरात शहरातून निघाली. ज्या थांब्यांनी तिची पहिली शर्यत बुडवली तेच थांबे तिला आज एकेक करून पुढे ढकलत होते. हे तिला मनातून उमगलं की नुसतं कानांना कळलं, कोण जाणे. पण एका थांब्यावर तोंड फिरवून उभी असताना तिच्या ध्यानात आलं की आज इंजिन आपल्या आधी निघत नाहीये. तिने मान वळवली. आरशात नाही, काचेतून सरळ, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने घाईघाईने काच पुसायला घेतली.

त्यापुढच्या थांब्यावर ती थांबली नाही. पत्र्याच्या शेडसमोरून लंगडत सरळ निघून गेली. मास्तर सायकलवरून पडता पडता वाचले.

आम्ही कमानीपाशी माना उंच करून बसलो होतो. वेळ टळून गेली होती. पण नियम असा की बस आल्याशिवाय कमान बंद करायची नाही, आणि बसचा पत्ता नव्हता. समितीचे लोक चिडचिड करायला लागले. म्हातारी खुर्चीत ताठ बसून म्हणाली, “माझा मुलगा उशिरा येणं शक्यच नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “पहिली खेप सोडली तर.” आणि तेवढ्यात वळणावर वहिनी दिसली. मी आयुष्यात सुगीचे दिवस पाहिले, नदीला आलेला पूर पाहिला, पण त्या बाईचं ते लंगडणं जितकं डौलदार होतं तितकं दुसरं काही पाहिलेलं नाही. ती कमानीखालून गेली, शेवटून पहिली. कुणीतरी तिच्या गळ्यात पदक घातलं, आणि हातात, अर्थात, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

मागून बस येऊन उभी राहिली. दार उघडलं. आम्ही सगळे गोळा झालो, पण दारासमोर जागा सोडून. वहिनी घड्याळ काखेत धरून लंगडत दारापाशी आली आणि पायरीशी उभी राहिली.

“माझ्यासाठी थांबला होतात?” तिने विचारलं.

“थांबा होता,” तो समोर बघत म्हणाला.

तिने तोंड फिरवलं. कंडक्टरने उसासा टाकला आणि दाराच्या दांडीला हात घातला. इतक्या वर्षांचा सराव, पुढे काय होणार हे त्याला पाठ होतं. तेवढ्यात घड्याळाने इंजिन बंद केलं. माणसं भरलेली असताना ती बस गप्प झालेली आमच्यापैकी कुणी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला असावा, कारण तो अगदी हळू बोलला.

“तुझ्यासाठी थांबलो होतो.”

“कुठे कुठे?”

“सगळीकडे.”

वहिनी पायरी चढली. बेकरीवाल्याने पुढच्या बाकावरचे आपले पाय काढून घेतले. ती खिडकीशी बसली, आणि त्याने गिअर टाकला तेव्हा तिने आपला डावा पाय दाबला आणि घोट्याच्या कळेने ओरडली. म्हातारी मागून चढत म्हणाली, “थांब रे, मला चष्मा सापडत नाहीये.” आणि तो थांबला.

डेपोत त्याला उशिराचा जाब द्यावा लागला. साहेबांनी विचारलं, बसमध्ये बिघाड होता का? तो म्हणाला, होता, जुना होता, आता गेला. साहेब त्याच रस्त्यावरच्या बसमध्ये वाढलेले, सगळं जाणून होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

वहिनी त्यानंतरही अनेक मॅरेथॉन पळाली, आता थांबे असलेल्या रस्त्यांवरूनसुद्धा, आणि तिच्या घराच्या भिंतीवर चुना दिसेनासा झाला. मास्तर म्हणतात, राग गेल्यावर तिचा वेग थोडा कमी झाला. पण आता ती एकाही थांब्यावर थांबत नाही, म्हणून हिशेब बरोबरीत सुटतो. सरावाला ती अजून बसमागूनच पळते, पण रोज नाही. कधी पळायचं आणि कधी बसायचं हे तिचं ती ठरवते. घड्याळ दारात बस उभी करून दोनदा हॉर्न वाजवतो आणि वाट बघतो. शाळेची घंटा त्यामुळे आता जरा मागेपुढे होते, गिरणीचा पट्टा कधीतरी उशिरा चढतो, आणि आम्ही प्रवासी कुरकुर करतो, कारण कुरकुर करणं हा तिकिटाचाच भाग आहे.

ती आज बसमध्ये आहे की मागे, हे बघायला आम्हाला मान वळवावी लागत नाही. दुपारी पुलाच्या कठड्यावर घड्याळ डबा उघडतो तेव्हा कळतं. कोरडी भाजी असेल तर ती पळाली. आणि ज्या दिवशी तो झाकण काढून आधी वास घेतो, मग डबा दोन्ही हातांनी उचलून शेवटचा थेंबसुद्धा पिऊन टाकतो, त्या दिवशी आम्ही समजतो की आज वहिनी खिडकीशी बसून आली, डबा मांडीवर धरून, न सांडता.